हर्मन मिलर : मिशिगनमधल्या एका फर्निचर कारखान्याची गोष्ट

लाकूडवेडा

खुर्च्यांच्या धाग्यावर हर्मन मिलर कंपनीच्या एरॉन या ऑफिसच्या खुर्चीच्या किमतीवरून बरीच वादावादी झाली. किंमत बाजूला ठेवू. ती खुर्ची ज्या कारखान्यातून आली त्याचा इतिहास मला त्या खुर्चीहून मोलाचा वाटतो, आणि मराठीत त्यावर सलग लिहिलेलं फारसं दिसत नाही. म्हणून हा वेगळा धागा. लांबला आहे, सवडीने वाचा.

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या पश्चिम भागात झीलंड नावाचं छोटं गाव आहे. १८४७ मध्ये नेदरलँड्समधून आलेल्या कर्मठ प्रॉटेस्टंट डच कुटुंबांनी ते वसवलं. जवळच ग्रँड रॅपिड्स शहर. सभोवती जंगल, ओंडके वाहून आणायला आणि गिरण्या चालवायला ग्रँड नदी, हाताशी डच कारागीर. एकोणिसावं शतक संपता संपता हे शहर अमेरिकेची फर्निचरनगरी म्हणून ओळखलं जाऊ लागलं होतं. झीलंडची स्टार फर्निचर कंपनी १९०५ मध्ये निघाली ती त्याच भरात. माल म्हणजे बेडरूमचे संच : पलंग, कपाट, आरशाचं टेबल. १९०९ मध्ये डी. जे. डी प्री नावाचा अठरा वर्षांचा मुलगा शाळा संपवून तिथे कारकून म्हणून लागला. दहा वर्षांत तो कंपनीचा अध्यक्ष झाला. १९२३ मध्ये सासऱ्यांच्या भांडवलावर दोघांनी मिळून ५१ टक्के समभाग विकत घेतले आणि जावयाने कंपनीला सासऱ्यांचं नाव दिलं : हर्मन मिलर. सासऱ्यांनी कारखाना स्वतः कधीच चालवला नाही. नाव त्यांचं, पण घडवली ती डी प्रींनी.

त्या वेळचा धंदा समजून घेतला नाही तर पुढची गंमत कळत नाही. ग्रँड रॅपिड्सला ठरावीक हंगामात फर्निचरचा बाजार भरे. मोठमोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे खरेदीदार येत आणि काय खपेल ते तेच ठरवत. कारखानदाराने दर हंगामाला नवी ‘स्टाइल’ काढायची, म्हणजे कुठल्या तरी फ्रेंच किंवा इंग्लिश राजाच्या काळच्या फर्निचरची नक्कल. गेल्या हंगामाचा माल पडेल भावाने काढायचा. नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून त्यावर गडद रंग चढवायचा, कडा झिजल्यासारख्या करायच्या. यात कुणालाच काही गैर वाटत नव्हतं. १९२९ ची मंदी आली आणि हा डोलारा डगमगला. झीलंडचा कारखाना बंद पडायच्या बेताला आला.

१९३० च्या उन्हाळ्यात ग्रँड रॅपिड्सच्या शोरूममध्ये न्यूयॉर्कचा एक डिझायनर आला, गिल्बर्ट रोडी. त्याचं म्हणणं असं : लोकांची घरं लहान होत चालली आहेत, छत खाली आलं आहे, नोकरचाकर राहिलेले नाहीत. अशा घरात राजवाड्यातला पलंग कशाला? फर्निचर साधं, सुट्या भागांत, कुठेही लावता येईल असं हवं. आणि नव्या लाकडाला जुनं भासवणं हा खोटेपणा आहे. डी प्री अतिशय धार्मिक गृहस्थ होते. हे शेवटचं वाक्य त्यांच्या वर्मी लागलं. आपण बायबल वाचतो आणि कारखान्यात खोटं बनवतो, ही टोचणी त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितली. रोडीला एकरकमी मानधन द्यायला पैसे नव्हते, म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावर रॉयल्टी ठरली. १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात रोडीने आखलेल्या घरात हे फर्निचर मांडलं गेलं. पुढे कंपनीने डिपार्टमेंट स्टोअरवर विसंबणं कमी केलं, १९३९ मध्ये शिकागोत आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कला स्वतःची शोरूम काढली. १९४२ च्या सुमारास रोडीने ऑफिससाठी एक मालिका केली : १५ सुटे भाग आणि त्यांतून ४०० च्या वर रचना. घरच्या पलंगांवरून कंपनी ऑफिसात शिरली ती इथे.

१९४४ मध्ये रोडी गेले. जागा भरायची कुणी? १९४५ च्या जानेवारीत लाइफ मासिकात भिंतीच्या जाडीत सामान ठेवायची सोय करणाऱ्या ‘स्टोरेजवॉल’बद्दल लेख आला होता. तो डी प्रींनी पाहिला. तिचा एक कर्ता जॉर्ज नेल्सन हा वास्तुकलेच्या मासिकाचा संपादक, फर्निचरमधलं त्याला काही कळत नव्हतं आणि तसं त्याने सांगितलंही. तरी डी प्रींनी त्यालाच डिझाइनचा प्रमुख नेमलं. नेल्सनने केलेलं सगळ्यात मोठं काम, माझ्या मते, त्याच्या फर्निचरात नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चार्ल्स ईम्स या डिझायनरच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्या पाहून नेल्सनने डी प्रींच्या मागे लकडा लावला की या माणसाला घ्याच. आपला वाटा, आपली रॉयल्टी कमी होणार हे त्याला माहीत होतं. त्यापाठोपाठ शिल्पकार इसामू नोगुची आले, कापडाचे डिझायनर अलेक्झांडर जिरार्ड आले. १९४८ च्या कॅटलॉगच्या प्रस्तावनेत नेल्सनने कंपनीची तत्त्वं मांडली, त्यातलं एक असं की काय बनवायचं ते तुम्हीच ठरवा, बाजाराच्या पाहण्यांवर ते सोपवू नका. कॅटलॉग फुकट न वाटता त्याची किंमत लावली गेली, हेही त्या काळी नवलच.

माझा मुद्दा एवढाच. ही कंपनी मोठी झाली कारण तिच्या मालकाने, जो स्वतः डिझायनर नव्हता, ‘काय बनवायचं’ हा निर्णय विक्रेत्याच्या हातून काढून डिझायनरच्या हातात दिला आणि नंतर त्यात लुडबुड केली नाही. तो निर्णय जेव्हा जेव्हा दुसऱ्याच्या हातात गेला, तेव्हा वाईट घडलं. क्युबिकलची, म्हणजे ऑफिसातल्या आडोशांच्या चौकोनी कप्प्यांची, कथा त्यातलीच आहे, पण ती कुणी विचारली तर सांगेन, नाहीतर धागा संपायचाच नाही.

---

रंधा

सुरेख. आमचा सुतारकामाचा वडिलोपार्जित धंदा, त्यामुळे ईम्सच्या प्लायवूडच्या खुर्चीबद्दल दोन शब्द.

प्लाय एका दिशेला वाकवणं अवघड नाही. पातळ पापुद्रे एकमेकांच्या आडव्या रेषांत ठेवून, मध्ये गोंद लावून, साच्यात दाबले की गोलाई येते. खरी परीक्षा आहे ती दोन दिशांना एकाच वेळी वळवण्यात, म्हणजे बैठक मागेपुढेही खोलगट आणि आडवीही खोलगट. तिथे पापुद्रा ताणला जातो आणि चिरतो. चार्ल्स आणि रे ईम्स हे दोघं १९४१ मध्ये लॉस एंजेलिसला आले आणि भाड्याच्या फ्लॅटमध्येच यंत्र बनवून बसले. प्लास्टरचा साचा, त्याला विजेच्या तारा गरम करायला, आणि वर रबरी पिशवी, जिच्यात सायकलच्या पंपाने हवा भरून दाब द्यायचा. चार्ल्स तेव्हा एमजीएम स्टुडिओत सेटचं काम करायचा. तिथून लाकूड आणि गोंद घरी यायचा.

एवढं करूनही बैठक आणि पाठ एकाच तुकड्यात करायला गेलं की दोन्ही जिथे मिळतात त्या वळणावर तडा जायचा. शेवटी त्यांनी दोन तुकडे वेगळेच केले आणि मध्ये एक कणा दिला. जोड लाकडाला खिळा न ठोकता, रबराच्या चकतीवर. माणूस मागे रेलला की पाठ किंचित झुलते आणि धक्का लाकडावर न येता रबरावर येतो. प्लायला कुठेही भोक पाडलेलं दिसत नाही. आमच्याकडे आजही फिरत्या खुर्चीची पाठ पहिल्यांदा निखळते ती स्क्रूपाशी, म्हणून या जोडाचं मला फार अप्रूप वाटतं.

मधल्या काळात युद्ध आलं. अमेरिकन नौदलाला जखमी सैनिकांचे पाय बांधायला खपाट्या हव्या होत्या, धातूच्या खपाट्या हादरत. ईम्स दांपत्याने पायाच्या आकाराची प्लायची खपाटी केली. युद्ध संपेपर्यंत अशा सुमारे दीड लाख तयार झाल्या. खुर्ची करायचा सराव त्यातच झाला.

---

पिंपळपान

वाचते आहे. लाकूडवेडा, तुमच्या मुद्द्यावर एक आक्षेप. डिझायनरच्या हातात निर्णय दिला, ठीक. पण कुठल्या डिझायनरच्या?

१९४६ च्या त्या प्रदर्शनाचं नावच ‘चार्ल्स ईम्सचं नवं फर्निचर’ असं होतं. रे कुठे आहे त्यात? ती चित्रकार होती, आकार, रंग, कापड यांची जाण तिची. खुर्च्यांवर तिचा हात किती होता हे सगळ्यांना ठाऊक असूनही जाहिरातीत कित्येक वर्षं एकट्या चार्ल्सचं नाव छापलं गेलं. त्याच ईम्स कार्यालयातला हॅरी बर्टोया नाव मिळत नाही म्हणून बाहेर पडला आणि पुढे नॉल कंपनीसाठी त्याने तारांची ती प्रसिद्ध खुर्ची केली.

नेल्सनच्या कार्यालयाचं तेच. गोल गोल गाद्यांचा मार्शमॅलो सोफा वर्षानुवर्षं नेल्सनच्या नावाने विकला गेला, केला अर्विंग हार्परने. कंपनीचं लाल रंगाचं वळणदार ‘एम’ चिन्हही हार्परचंच, १९४६ चं. झीलंडच्या कारखान्याने डिझायनरला मान दिला हे मान्य, पण कार्यालयाच्या मालकाला दिला. खाली बसून रेघ ओढणाऱ्याला नव्हे.

---

लाकूडवेडा

@पिंपळपान, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता, आणि तुम्ही तो नेमका मांडलात. हार्परचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. चिन्ह कसं झालं तेही सांगण्यासारखं : जाहिरात करायची होती आणि फर्निचरचे फोटो हाताशी नव्हते, तेव्हा त्याने लाकडाच्या रेषा असलेला एक मोठा ‘एम’ काढला. तोच पुढे कंपनीचा चेहरा झाला. आता कंपनी रेचं नाव चार्ल्सबरोबर लावते, पण त्याला फार उशीर लागला.

तरी एक फरक मी करेन. त्या काळी बहुतेक अमेरिकन कारखाने कुणाचंच नाव छापत नसत. फर्निचरवर फक्त दुकानाचं लेबल असे. हर्मन मिलरने डिझायनर नावाचा माणूस असतो हे गिऱ्हाइकाला ठळकपणे दाखवलं. नाव अपुरं दाखवलं हा तुमचा आक्षेप तसाच उभा आहे.

---

मिशिगनकर

मी या भागात राहतो, त्यामुळे थोडी स्थानिक भर.

इथल्या जुन्या लोकांकडून एक किस्सा हमखास ऐकायला मिळतो. १९२७ मध्ये कारखान्यातला मिलराइट वारला. मिलराइट म्हणजे वाफेचं इंजिन आणि त्यावरून पट्ट्यांनी फिरणारी सगळी यंत्रं सांभाळणारा माणूस, तो थांबला की कारखाना थांबला. डी प्री सांत्वनाला त्याच्या घरी गेले. विधवेने विचारलं, काही कविता वाचून दाखवू का? कविता ऐकून डी प्रींनी कवी कोण म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, माझे यजमानच. डी प्री घरी परतताना याच विचारात होते की हा कविता करणारा मिलराइट होता की मिलराइटचं काम करणारा कवी. त्यांचा मुलगा मॅक्स डी प्री पुढे कंपनीचा प्रमुख झाला आणि हा प्रसंग तो नेहमी सांगे.

हे नुसतं सांगण्यापुरतं राहिलं नाही. १९५० मध्ये कंपनीने स्कॅनलन योजना घेतली. जोसेफ स्कॅनलन हा पोलाद कामगारांच्या संघटनेतला माणूस. त्याची कल्पना अशी की खर्च वाचवायची युक्ती कामगाराने सुचवायची आणि वाचलेल्या पैशातला वाटा कामगारांनाच मिळायचा. मिशिगन स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कार्ल फ्रॉस्ट यांनी ती इथे बसवली. दर महिन्याला आकडे सगळ्यांसमोर मांडले जात. पुढे १९८० च्या दशकात प्रमुखाचा पगार कारखान्यातल्या कामगाराच्या सरासरी पगाराच्या २० पटींहून जास्त असू नये असाही नियम केला. अमेरिकेत हा नियम ऐकून लोक तेव्हाही चकित होत.

आता दुसरी बाजूही लिहितो. वीसपटीचा नियम पुढे टिकला नाही. डॉट कॉमचा फुगा फुटल्यावर ऑफिसच्या फर्निचरचा बाजारच आटला, २००१ ते २००३ मध्ये कंपनीची विक्री साधारण ४० टक्क्यांनी घसरली आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथे काम करणारी. आणि २०२३ मध्ये बोनसबद्दल विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रमुखांनी रडगाणं सोडा अशा अर्थाचं सुनावलं, तो व्हिडिओ जगभर फिरला. मिलराइटच्या घरी गेलेल्या माणसाची ही कंपनी, म्हणून ते इथल्या लोकांना जास्त लागलं.

पण चांगलं ते चांगलं. विल्यम मॅकडोना यांनी आखलेली ग्रीनहाउस नावाची कारखान्याची इमारत १९९५ ची. छतातून इतका उजेड येतो की दिवसा दिव्यांची गरज फारशी भासत नाही. भोवती मुद्दाम रानगवत वाढवलं, तर त्यात गांधीलमाश्या झाल्या आणि लोकांना चावू लागल्या. औषध मारण्याऐवजी कंपनीने मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. मधमाश्यांनी फुलं व्यापली, गांधीलमाश्या हटल्या, आणि पाहुण्यांना भेट म्हणून तिथला मध मिळू लागला.

---

टेकडीवरचा

फार दिवसांनी असा धागा. मिलराइटचा किस्सा वाचून थांबलोच जरा. चालू द्या.

---

हिंजवडीकर

लाकूडवेडा, क्युबिकलचं सांगतो म्हणालात, मग सांगाच. आमच्या कंपनीत मी लागलो तेव्हा छातीपर्यंतचे राखाडी पडदे (म्हणजे आडोशाच्या सुट्या, पातळ भिंती), त्यात चौकोन, चौकोनात माणूस. शेजारी कोण फोनवर काय बोलतं ते सगळं ऐकू यायचं, पण बोलणारा दिसायचा नाही. दिवसभर उजेड कुठल्या बाजूने येतो ते कळायचं नाही. आता ते पाडून लांबच लांब बाकडी टाकली आहेत. पडदे होते ते बरे होते असं म्हणायची पाळी आली आहे. हे सगळं खरंच त्याच कंपनीतून निघालं?

---

लाकूडवेडा

@हिंजवडीकर, हो, तिथूनच. आणि या सगळ्या इतिहासातली मला सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट हीच आहे.

१९६० मध्ये कंपनीने अ‍ॅन आर्बर गावात संशोधनाची वेगळी शाखा काढली आणि रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाला तिथे बसवलं. मूळचा चित्रकार आणि शिल्पकार, डोक्यात सतत शोध. सांगितलं होतं की फर्निचर सोडून काहीही शोध, पण तो फिरून फिरून ऑफिसवरच आला. तेव्हाची ऑफिसं म्हणजे एका मोठ्या हॉलमध्ये शाळेसारख्या टेबलांच्या रांगा आणि कडेने साहेबांच्या बंद खोल्या. प्रॉप्स्टने डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, कारकून सगळ्यांना विचारलं, लोक दिवसभर काय करतात ते पाहिलं. निष्कर्ष असा की माणूस दिवसभर एकाच जागी बसला की शरीर आणि डोकं दोन्ही आंबतं. अर्धवट कागद डोळ्यांसमोर असले तर काम सुचतं, खणात गेले की विसरतं. आणि माणसाला एकांतही हवा, बोलणंही हवं.

यातून १९६४ मध्ये पहिलं ‘अ‍ॅक्शन ऑफिस’ आलं. रूप नेल्सनचं. उभं राहून काम करायचं उंच टेबल, ज्यावर झाकण ओढून पसारा तसाच ठेवून घरी जाता येई. फोनसाठी आवाज अडवणारा वेगळा आडोसा. दिसायला देखणं, पण महाग, आणि मोठ्या कंपन्यांना शेकड्याने लावायला अवघड. खपलं नाही.

मग १९६८ मध्ये दुसरं. यात नेल्सन नव्हता. उभे पडदे, त्यांनाच फळ्या आणि टेबल अडकवायचे, पाहिजे तेव्हा हलवायचे. प्रॉप्स्टने पडदे जोडायला १२० अंशांचा कोन धरला होता. म्हणजे समोर उघडं, कडेला आडोसा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी नजरानजर होईल असं. त्यात माणसाने आपले नकाशे टांगावेत, टेबल वरखाली करावं, आपल्या कामाप्रमाणे जागा बदलत राहावी.

खरेदी कुणी केली? तिथे बसणाऱ्याने नव्हे. कंपनीच्या जागा आणि खर्च सांभाळणाऱ्या विभागाने केली. त्यांनी कागदावर हिशेब मांडला : १२० अंशांत जागा वाया जाते, ९० अंशांत चौकोन होतात आणि त्याच मजल्यावर कितीतरी जास्त माणसं मावतात. शिवाय अमेरिकेच्या करनियमांत इमारतीच्या भिंतीपेक्षा फर्निचरचा घसारा (झीज धरून किंमत खर्चात टाकणं) कितीतरी लवकर काढता येई, म्हणून भिंत बांधण्यापेक्षा पडदा लावणं परवडे. बघता बघता सगळ्या स्पर्धकांनी तशाच वस्तू काढल्या. १२० चे ९० झाले आणि क्युबिकल जन्मला. नेल्सनने १९७० मध्येच कंपनीला लिहून कळवलं होतं की ही रचना माणसासाठी सुखाची नाही, जास्तीत जास्त माणसं कोंबू पाहणाऱ्यांच्या सोयीची आहे. प्रॉप्स्टनेही उतारवयात, २००० मध्ये जाण्याआधी, लोकांना असं चौकोनांत डांबणं हा वेडेपणा असल्याचं स्पष्ट बोलून दाखवलं.

कंपनीला मात्र याच पडद्यांनी अफाट पैसा दिला. १९७० मध्ये समभाग खुल्या बाजारात आले. १९४८ च्या कॅटलॉगात नेल्सनने ‘काय बनवायचं ते तुम्हीच ठरवा’ असं लिहिलं होतं. वस्तू कंपनीने ठरवली, पण ती कशी मांडायची हे ठरवायचं खरेदी विभागावर सोडून दिलं. विकताना ‘१२० च्या कोनातच लावा’ असं हटून बसायला हवं होतं की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. मला वाटतं, हवं होतं. ग्रँड रॅपिड्सच्या बाजारात खरेदीदारासमोर मान न तुकवणाऱ्या कंपनीला ते जमलं असतं.

---

रंधा

व्यवहारातलं बोलतो. गिऱ्हाइकाला सांगून पाहावं, ऐकलं नाही तर माल थोडाच अडवता येतो? स्वयंपाकघराचा ओटा गृहिणीच्या उंचीने करा म्हणून आम्ही सांगतो, पण घरमालक बिल्डरचं माप पुढे करतो. पैसे त्याचे. डिझाइन बनवणाऱ्याच्या हातात असतं, मांडणी नसते.

---

लाकूडवेडा

@रंधा, अडवता येत नाही हे खरं. पण विकणाऱ्याच्या कॅटलॉगात काय छापायचं ते तर त्याच्या हातात असतं. चौकोनांचे फोटो त्यांनीही छापले.

---

शिसवी

लाउंज खुर्चीबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी. १९५६ ची ईम्सची आरामखुर्ची आणि पायाखालचा चौरंग. प्लायच्या वळवलेल्या शिंपल्यांत चामड्याच्या गाद्या. बेसबॉल खेळणाऱ्याचा वापरून मऊ झालेला हातमोजा जसा सैल आणि ऊबदार असतो तसा तिचा भाव हवा, असं चार्ल्सचं म्हणणं होतं. मूळ खुर्चीवर वरचा पापुद्रा होता ब्राझीलच्या शिसवाचा. गडद, जांभळट, काळ्या रेषांचा. मूळ खुर्ची त्या शिसवाशिवाय कल्पनेत येणार नाही इतकी ती त्याची होती.

१९९० मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता पर्जन्यवनांतलं हे लाकूड वापरायचं नाही. तेव्हाचे प्रमुख रिचर्ड रुच यांनी विक्री घटेल अशी भीती असूनही निर्णय घेतला आणि अक्रोड, चेरी ही लाकडं आणली. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली १९९२ मध्ये. म्हणजे कायद्याच्या आधी दोन वर्षं. ईम्सच्या काचतंतूच्या (फायबरग्लासच्या) खुर्च्याही त्याच सुमारास पर्यावरणाच्या कारणाने थांबवल्या, दुसऱ्या प्लास्टिकमध्ये आणल्या.

आपल्याकडचं शिसव त्याच वंशातलं (डाल्बर्जिया). वाड्यातले शिसवी झोपाळे, देव्हारे, पेट्या पाहा, तोच काळसर तेजाळपणा. २०१७ पासून या अख्ख्या वंशाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. जुनं शिसवी सामान भंगारात घालणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, ते घालू नका. असं लाकूड पुन्हा सहज मिळणार नाही.

---

ड्रॉइंगबोर्ड

भारताचा धागा यात आहे, तो जोडतो.

अलेक्झांडर जिरार्ड १९५२ पासून हर्मन मिलरच्या कापड विभागाचे प्रमुख होते. करड्या-तपकिरी ऑफिसांत गुलाबी, नारिंगी, जांभळा रंग आणणारा माणूस. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं प्रदर्शन भरलं, त्याची मांडणी जिरार्ड यांची. त्याच निमित्ताने उस्ताद अली अकबर खाँ आणि तबल्यावर चतुरलाल तिथे वाजवायला गेले, शांता राव यांचं नृत्य झालं. ईम्स दांपत्याने त्या प्रदर्शनावर लघुपट केला.

त्यानंतर भारत सरकारच्या निमंत्रणावरून, फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर, चार्ल्स आणि रे भारतभर हिंडले. १९५८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतातली सर्वांत सुंदर वस्तू म्हणून आपला लोटा निवडला. मग प्रश्नांची रांग लावली : भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, डोक्यावर धरला तर, कमरेवर धरला तर, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, धातूची किंमत किती, वितळवला तर परत काय मिळेल. आणि असा लोटा कुणा एका माणसाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांनी घासून आणला, हे त्यांचं निरीक्षण. @पिंपळपान, नाव कुणाचं हा तुमचा प्रश्न इथे वेगळ्याच बाजूने उभा राहतो.

१९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली ती या अहवालामागोमाग, गौतम आणि गिरा साराभाईंच्या देखरेखीखाली. नेहरू गेल्यावर त्यांच्या जीवनावरचं प्रदर्शन ईम्स कार्यालयाने याच संस्थेबरोबर केलं, ते १९६५ मध्ये न्यूयॉर्कला उघडलं. झीलंडमधल्या कारखान्यासाठी खुर्च्या करणारी दोन माणसं भारताच्या डिझाइन शिक्षणाच्या मुळाशी आहेत, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आवर्जून सांगते.

---

पिंपळपान

@ड्रॉइंगबोर्ड, आभार. लोट्याचे प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांना निबंधाला देणार. पण तिथेही एक सांगू? त्या अहवालावर नावं दोघांची आहेत. एकट्या चार्ल्सचं नाही.

---

हिंजवडीकर

एक शेवटची शंका. ज्या एरॉनवरून सगळं सुरू झालं तिचं काय? आणि ती कंपनी आता त्याच नावाने आहे का?

---

लाकूडवेडा

@हिंजवडीकर, एरॉन १९९४ ची. बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक यांची. तिचं मूळ ऑफिसात नाही, म्हाताऱ्या माणसांत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कंपनी वृद्धांसाठीच्या वस्तूंचा विचार करत होती. रेलून तासन्‌तास बसणाऱ्यांच्या अंगाला फोमच्या गादीत उष्णता कोंडते, घाम साचतो, त्वचेला जखमा होतात, हे त्यांनी पाहिलं. त्यासाठी केलेली आरामखुर्ची बाजारात आलीच नाही. कुठल्या दुकानात विकायची हेच कुणाला ठरवता आलं नाही. पण त्या शोधातून एक विचार उरला : गादीच नको. ताणलेली जाळी, जिच्यातून हवा खेळते आणि वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. ती लहान-मध्यम-मोठ्या अशा तीन मापांत काढली, कारण सगळ्यांना एकच माप बसत नाही. आधी बसवून पाहिलेल्या कित्येकांनी तिला कुरूप म्हटलं, अर्धवट राहिल्यासारखी वाटते म्हणाले. खरेदीदारांचं ऐकलं असतं तर वर चामडं आणि आत फोम आला असता. कंपनीने तशीच बाजारात आणली. मला यात १९३० चा डी प्री दिसतो. ते स्वतः १९९० मध्ये वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले.

कंपनीचं म्हणाल तर २०२१ मध्ये हर्मन मिलरने जुनी प्रतिस्पर्धी नॉल कंपनी सुमारे १८० कोटी डॉलरना विकत घेतली आणि दोघींचं मिळून मिलरनॉल झालं. खुर्च्या अजून दोन वेगवेगळ्या नावांनीच विकल्या जातात. पिंपळपान यांनी सांगितलेला बर्टोया ज्या कंपनीत गेला होता, ती ही नॉल. नाव मिळत नाही म्हणून त्याने केलेली खुर्ची आणि ज्या कार्यालयातून तो निघाला त्या ईम्सची खुर्ची, दोन्ही आता एकाच कंपनीच्या मालकीच्या आहेत. नॉलचा स्वतःचा इतिहास, विशेषतः तिथल्या डिझायनर फ्लोरेन्स नॉल यांचा, वेगळ्या धाग्याएवढा आहे. कुणी लिहिणार असेल तर मी वाचायला तयार आहे.